«बाई, आपण त्यांना कामाला लावून मारलं का?»

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने लिहिलं आहे. एका पालकाने शाळेच्या प्रयोगशाळेला तीन फुटी, साधारण २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक भेट दिला. त्यात दोन क्लाउनफिश, एक गोबी जातीचा मासा आणि मऊ प्रवाळांचे चार-पाच गुच्छ आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा काचा हिरव्या झाल्या होत्या आणि खडकांवर केसांसारखं शेवाळ माजलं होतं. रसायन नको, नैसर्गिक उपाय करू, असं ठरवून बाईंनी मुलांना प्रकल्प दिला. मुलांना ‘चार लिटरला एक गोगलगाय’ असा हिशेब सापडला आणि वर्गणी काढून ५० समुद्री गोगलगायी आणल्या गेल्या. आठवड्याभरात काचा लखलखीत झाल्या. मग एकेक गोगलगाय मरायला लागली. महिन्याभरात तिसेक गेल्या, पाण्याला वास आला आणि शेवाळ परत उगवलं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, आपण त्यांना कामाला लावून मारलं का?” मुख्याध्यापिका म्हणतात, विज्ञान प्रदर्शनाआधी शेवाळनाशक तरी टाका, नाहीतर टँक बंद करा. बाईंना विचारायचं आहे की आणखी किती आणि कोणत्या गोगलगायी आणाव्यात, सहल मालवणला जाणार आहे तर तिथल्या खडकांवरून आणल्या तर चालतील का, आणि त्या मुलीला काय सांगावं. पत्रात ओघाओघात तीन गोष्टी आल्या आहेत. दोन्ही अधिवेशनांच्या मुलांना टँक दिसावा म्हणून दिवे सकाळी सात ते संध्याकाळी सहा चालू असतात. पाणी कमी झालं की शिपाईमामा स्टाफरूमच्या प्युरिफायरचं पाणी ओततात. आणि पावसाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले होते तेव्हा दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकलं होतं.

नमस्कार बाई,

तुमच्या विद्यार्थिनीने सगळ्यात अवघड प्रश्न विचारलाय. त्याला उत्तर द्यायचं तर गोगलगायी कशाने मेल्या ते आधी शोधावं लागेल. तुमच्या पत्रात त्याचे धागेदोरे बरेच आहेत, बहुतेक तुमच्याही नकळत आलेले.

‘चार लिटरला एक’ या हिशेबापासून सुरुवात करू. हे मूळचं अमेरिकेतलं ‘एका गॅलनला एक’. दुकानदारांना सोयीचं असल्यामुळे ते सगळीकडे पसरलं. त्यात पाणी मोजलंय, अन्न मोजलेलंच नाही. गोगलगाय शेवाळावर जगते, आणि एकाच मापाच्या दोन टँकांत शेवाळ किती उगवतं यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तुमच्या ५० गोगलगायींनी आठवड्यात काचा साफ केल्या, याचा दुसरा अर्थ असा की आठव्या दिवसापासून बहुतेकींना पोटभर मिळेनासं झालं. खडकांवर लांब केसांचं शेवाळ शिल्लक होतं हे खरं, पण ते सगळ्या जातींना खाता येत नाही. उपासमारीने गोगलगाय एका दिवसात मरत नाही. आधी ती मंदावते, मग काचेवरून सुटून पडते आणि पडल्या जागी राहते. तुम्ही वर्णन केलेलं ‘एकेक करून जाणं’ याच्याशी जुळतं.

मात्र पहिल्या तीन-चार दिवसांत किती गेल्या आणि नंतर किती, हे मुलांना आठवतंय का विचारा. लगेच गेलेल्यांचं कारण वेगळं असतं. मासा आपल्या शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बऱ्यापैकी स्वतः सांभाळतो. समुद्री गोगलगायीला ते जमत नाही. बाहेरचं पाणी जेवढं खारट, तेवढंच तिच्या अंगातलं पाणी खारट होतं. पुष्कळ दुकानदार माशांवरचे परजीवी आटोक्यात राहावेत आणि मीठही वाचावं म्हणून पाणी कमी खारट ठेवतात. तुमचा टँक नीट चालत असेल तर त्याची खारटता लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ ते १.०२६ असेल. दुकानातल्या पिशवीत ते १.०१९ असू शकतं. पिशवी पंधरा मिनिटं टँकवर तरंगवून गोगलगायी आत सोडल्या तर तापमान जुळतं, मीठ जुळत नाही. मासे हा धक्का पचवतात, म्हणून ‘मासे तर ठणठणीत आहेत, मग याच कशा मेल्या’ असं कोडं पडतं.

पुढच्या वेळी पिशवीतलं पाणी आधी मोजा. खारटता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर गोगलगायींवर खर्च करण्याआधी तो घ्या. मग गोगलगायी त्यांच्याच पाण्यासकट एका बादलीत ओता, एअर पंपाच्या बारीक नळीला सैलसर गाठ मारा आणि टँकचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने बादलीत पडू द्या. तास-दीड तास लागतो, फरक जास्त असेल तर त्याहूनही अधिक. हे काम मुलांना द्या, थेंब मोजायला त्यांना फार आवडतं.

आता शिपाईमामांच्या बादलीकडे येऊ. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. २०० लिटरमधलं १० लिटर उडालं की ३५ची खारटता ३६.८ होते. दिवाळीच्या सुट्टीत हे वाढत गेलं असणार आणि कुणीतरी एका दमात बादली ओतून ते खाली आणलं असणार. रोज थोडं-थोडं ओतायची सवय लावली की हा प्रश्न मिटतो. टँकच्या काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पातळी आखून ठेवा.

पण ते पाणी कुठल्या प्युरिफायरचं आहे? हल्ली तांब्याचे गुण देणारे, म्हणजे पाण्यात मुद्दाम थोडं तांबं सोडणारे प्युरिफायर घरोघरी आणि शाळांतूनही दिसतात. माणसाला त्याचं काही वाटत नाही. गोगलगायी, खेकडे, कोळंबी, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या बहुतेक समुद्री प्राण्यांना मात्र तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. यंत्राच्या अंगावर तसं लिहिलं असेल तर ते पाणी आजच बंद करा. साध्या आरओचं, खनिजं परत न मिसळणारं पाणी टँकसाठी वेगळं ठेवा. नळाचं पाणी थेट ओतणंही बरं नाही. त्यात जंतुनाशक क्लोरीन असतंच, शिवाय नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट येतात, आणि शेवाळ पोसलं जातं ते त्यांच्यावरच.

त्या निळ्या औषधाची बाटली अजून कपाटात असेल तर तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं जुनं, परिणामकारक औषध म्हणजे तांब्याचा क्षार. निळं म्हणजे ते तांबंच असं नाही, मिथिलीन ब्लू हा नुसता रंगही असू शकतो. तुमचे मऊ प्रवाळ अजून फुललेले आहेत, म्हणून मला तांब्याचा संशय कमी आहे, कारण तसं असतं तर आधी तेच मिटले असते. तरीही तांब्याच्या चाचणीचा किट एकदा वापराच. तांब्याचं औषध चुनखडीच्या खडकांत आणि वाळूत मुरतं आणि महिनोन् महिने थोडं-थोडं परत पाण्यात उतरतं. चाचणीत तांबं सापडलं तर गोगलगायींचा विचार तूर्त सोडून द्या. आणि इथून पुढे आजारी माशाला औषध द्यायचं ते वेगळ्या बादलीत, मुख्य टँकमध्ये कधीही नाही.

इथवर गोगलगायींच्या मरणाचं झालं. पण तुमच्या पत्रात त्याआधीचं एक गृहीतक आहे आणि मला ते जास्त तपासावंसं वाटतं. तुम्ही लिहिता, “गोगलगायी शेवाळ संपवतात.” त्या ते खातात, संपवत नाहीत. खाल्लेल्यातला थोडा भाग शंखात आणि मांसात जातो, उरलेलं विष्ठेतून आणि अमोनियातून त्याच पाण्यात उतरतं, आणि नवं शेवाळ ते शोषून उगवतं. घरातला केर झाडून खाटेखाली सारावा तसला हा प्रकार आहे. खोली स्वच्छ दिसते, केर घरातच असतो. त्यात ३० गोगलगायी टँकमध्येच कुजल्या म्हणजे त्यांनी खाल्लेलं सगळं आणि त्यांचं स्वतःचं शरीरही परत पाण्यात आलं. शेवाळ पुन्हा जोमाने आलं यात नवल नाही.

मग हे अन्न मुळात येतं कुठून? सातवी-आठवीच्या मुलांना झेपेल असं गणित देते. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. ते सगळं शेवटी नायट्रेट झालं असं धरलं, तर साधारण २८३ मिलिग्रॅम नायट्रेट होतं, आणि २०० लिटरमध्ये ते लिटरला १.४ मिलिग्रॅम भरतं. रोज एक ग्रॅम टाकलं तर दहा दिवसांत १४. आता ४० लिटर पाणी बदललं तरी त्यातला पाचवा हिस्साच बाहेर जातो. तीन छोट्या माशांना रोज एक ग्रॅम लागतही नाही, पण सकाळच्या अधिवेशनाची मुलं चिमूटभर टाकतात, दुपारची टाकतात आणि जाता जाता शिपाईमामाही टाकतात. तुमच्याकडे असंच चालतं का, हे विचारून बघा. मला तरी शाळेतल्या टँकांत शेवाळाचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच दिसतं.

उपाय साधा आहे. दर आठवड्याला एकच ‘मत्स्यप्रमुख’ नेमा. सात छोट्या डब्या घ्या, रविवारची रिकामी, आणि बाकीच्यांत त्या-त्या दिवसाचं खाद्य सोमवारीच भरून ठेवा. डबी रिकामी झाली की त्या दिवशी टँकला उपास. गोठवलेली कोळंबी देत असाल तर ती वितळवून, चहाच्या गाळणीत धुऊन द्या, कारण त्या पाण्यात फॉस्फेट भरपूर असतं.

दिव्यांचा टायमर आठ तासांवर आणा. सकाळच्या मुलांना शेवटचे दोन तास आणि दुपारच्यांना बाकीचे, असं बसवता येईल. टँकवर खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा. नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या दरम्यान आलं की पुरे. ते शून्यावर न्यायचा हट्ट धरू नका. दोन्ही संपली की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव डोकं वर काढतात. खडकांवर तपकिरी, शेंबडासारखा थर येतो आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. यातल्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाऊन गोगलगायी मरतात. तुमच्याकडे असला थर दिसला असेल तर मला परत लिहा, कारण तिथे माझा वरचा बराचसा सल्ला उलटा करावा लागेल.

एवढं सगळं वाचून ‘मग गोगलगायींचा उपयोगच नाही’ असं वाटलं तर तेही चूक ठरेल. शाकाहारी प्राणी नसले तर प्रवाळांचं काय होतं, हे कॅरिबियन समुद्राने दाखवून दिलंय. तिथल्या खडकांवर डायडेमा नावाचे लांब काट्यांचे समुद्री साळू शेवाळ खरवडून खात असत. १९८३ साली पनामाच्या बाजूने एक रोग पसरला आणि वर्षभरात ९० टक्क्यांहून अधिक साळू मेले. जमैकाच्या आसपास शेवाळ खाणारे मासे आधीच बेसुमार मासेमारीने घटले होते, १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते, आणि आता साळूही गेले. १९७७ साली तिथे तळाचा ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी आणि ४ टक्के शेवाळाने व्यापलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवाळ ३ टक्क्यांवर आले आणि शेवाळ ९२ टक्क्यांवर गेलं. चरणाऱ्या प्राण्यांनी शेवाळ आवरलं जातं हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. समुद्रात मात्र त्यांची विष्ठा लाटांबरोबर वाहून जाते. टँकमध्ये लाटेचं काम कुणाला तरी हातांनी करावं लागतं. बोटांनी उपटून बाहेर काढलेलं शेवाळ, स्किमरच्या, म्हणजे फेसाबरोबर घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राच्या, कपात साठलेलं चहासारखं घाण पाणी आणि बदललेलं पाणी, टँकबाहेर खरोखर जातं ते एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मुलांकडून खडकांवरचं लांब शेवाळ उपटून घ्या आणि उपटता उपटता सायफनच्या नळीने ओढून बाहेर टाका. पाणी दर आठवड्याला २० ते ३० लिटर बदला. लांब केस आखूड झाले की गोगलगायी ते राखू शकतात, वाढू न देणं त्यांना जमतं. बोटभर लांब झालेलं शेवाळ टर्बोसारख्या मोठ्या गोगलगायी सोडल्या तर फारसं कुणी खात नाही.

उपटण्याबद्दल एक सावधगिरी, आणि ही गंमतीवारी नेऊ नका. तुमच्या ‘मऊ प्रवाळां’मध्ये बटणांसारखे, झुपक्याने वाढणारे झोअँथिड किंवा पॅलिथोआ असतील तर त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असतं. ज्या खडकावर ते आहेत त्याला मुलांनी हात लावायचा नाही. तुम्हीही हातमोजे आणि चष्मा घालून, खडक पाण्याखालीच ठेवून काम करा. शेवाळ मारायला असा खडक उकळणं किंवा त्यावर कढत पाणी ओतणं ही कल्पना कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. त्या वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. हातावर जखम असलेल्या मुलाला टँकच्या कामापासून त्या आठवड्यात सुट्टी, आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुवायचे.

आता कोणत्या आणि किती. उरलेल्या वीस गोगलगायींत काय-काय आहे ते आधी बघा, कारण दुकानात कुठलाही गोल शंख ‘टर्बो’ म्हणून खपतो. काचेवरचा पातळ हिरवा थर आणि तपकिरी भुकटी नेराइट जातीच्या गोगलगायी चांगली खातात. पण त्या मुळातच भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या, त्यामुळे टँकबाहेर चढून येतात. सकाळी जमिनीवर सापडल्या तर आश्चर्य नको, वर झाकण किंवा जाळी हवी. खडकांवर आणि काचेवर त्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटवतात, ती सहसा टँकमध्ये वाढत नाहीत. ट्रोकस माझ्या आवडीच्या, कारण उलट्या पडल्या तरी स्वतः सुलट्या होतात. ॲस्ट्रियाला वाळूवर ते जमत नाही आणि ती उलटी पडून उपाशी मरते. सेरिथ लहान, रात्री हिंडणारी, वाळूतलं उष्टं आणि भुकटी खाणारी. नॅसॅरियस शेवाळ खातच नाही, ती मांसाहारी सफाईवाली. तीही ‘शेवाळ खाणारी’ म्हणून विकली जाते. पण खाद्य पडल्याबरोबर वाळूतून सोंड वर काढून ती जशी धावत सुटते, ते बघायला वर्ग बाकं सोडून येईल.

लाल-जांभळा, चादरीसारखा निघणारा थर दिसला तर तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जीवाणू. त्याला बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत. गुलाबी, दगडासारखा कडक थर हेही एक शेवाळच, ते मात्र हवंच असतं, खरवडू नका.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं तर सध्या एकही नवी आणू नका. २०० लिटरला वीस उरल्यात त्या खूप झाल्या, आणि उरलेल्यांना खायला आहे का हे बघणं हेच आत्ताचं काम. काचा घासायच्या असतील तर फक्त समोरची घासा, मागची आणि बाजूच्या काचा त्यांच्यासाठी सोडा. तिथेही काही उगवत नसेल तर मीठ-मसाला नसलेला नोरी, म्हणजे सुशीला वापरतात तो समुद्री शेवाळाचा कागद, क्लिपने लावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढा. दोन-तीन महिन्यांनी संख्या आठ-दहावर स्थिरावली आणि तरी काच हिरवी होत असेल, तर तीन ट्रोकस आणा. त्यानंतर महिनाभर थांबा.

रोज सकाळी हजेरी घ्या. पडलेली गोगलगाय दिसली की सुलटी करून ठेवायची. तासाभराने हलली नाही तर बाहेर काढून हुंगायची. मेलेल्या गोगलगायीचा वास लपत नाही, आणि मेलेली आत राहिली की अमोनिया वाढून बाकीच्यांवर बेततं.

मालवणचा विचार मात्र सोडा. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तुम्ही नेमक्या कुठल्या खडकावर उभ्या आहात हे सहलीच्या गर्दीत कुणाला कळणार? मोठ्या जातीचे ट्रोकस आणि टर्बो यांतल्या काहींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कठीण प्रवाळ तर सगळेच त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ‘प्रवाळाचा मेलेला तुकडा आठवण म्हणून’ हेही नको. त्यापलीकडे कायदा बाजूला ठेवला तरी, किनाऱ्यावरून उचललेल्या शंखांत शिकारी गोगलगायी असतात आणि त्या तुमच्या शाकाहारी गोगलगायींनाच भोक पाडून खातील. कोन जातीच्या सुंदर शंखात विषारी काटा असतो आणि त्याच्या एका जातीचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. मुलांना सांगा, जिवंत शंख हातात घ्यायचा नाही. ओहोटीच्या डबक्यात वाकून बघा, खडकांवर किती आहेत ते मोजा, वहीत चित्र काढा आणि परत या. उलट दिशाही बंद ठेवा, टँकमधली गोगलगाय समुद्रात ‘सोडून द्यायची’ नाही. पावसाळ्यात आपल्या बागा खाणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली एका हौशी माणसाने मॉरिशसहून कोलकात्यात आणून बागेत सोडली होती.

मुख्याध्यापिकांच्या दोन पर्यायांपैकी शेवाळनाशक मी नाकारते. बऱ्याच शेवाळनाशकांत तांबं असतं. नसलं तरी सगळं शेवाळ एकदम मरून कुजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि त्याची किंमत मासे चुकवतात. दुसरा पर्याय, टँक बंद करणं, मला तितका वाईट वाटत नाही. त्याकडे शेवटी येते.

प्रदर्शनासाठी लखलखीत काच कशाला हवी? शेवाळ हाच विषय करा. १९७८ साली जेन लुबचेंको यांनी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या डबक्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी एका डबक्यातल्या गोगलगायी काढून दुसऱ्यात टाकल्या आणि कुठलं शेवाळ उरतं, कुठलं जातं ते पाहिलं. गोगलगायी अगदी कमी असल्या की एकच जोरदार हिरवं शेवाळ सगळं व्यापतं, फार झाल्या की न आवडणारं तेवढं उरतं, आणि मध्यम संख्येला सगळ्यात जास्त प्रकारचं शेवाळ नांदतं. याची छोटी आवृत्ती तुम्हाला जमेल. पांढऱ्या सिरॅमिक टाइलचे चार तुकडे घ्या. दोन उघडे ठेवा, दोन प्लॅस्टिकच्या जाळीच्या पिंजऱ्यात, म्हणजे पाणी आणि उजेड जाईल पण गोगलगायी जाणार नाहीत. जाळीमुळे उजेड थोडा कमी होतो, म्हणून उघड्या तुकड्यांवरही वरून तसलीच जाळी आडवी लावा. दोन आठवड्यांनी काढून शेजारी ठेवा, शेजारी खाद्याचं वरचं गणित आणि दर आठवड्याच्या नायट्रेटचा आलेख. एक भिंग काचेला लावून ठेवा. गोगलगाय काचेवरून चालताना तिची दातेरी जीभ बाहेर येते आणि काच चाटून आत जाते, ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. परीक्षकांपेक्षा पालकच तिथे जास्त वेळ उभे राहतील, असा माझा अंदाज आहे.

त्या मुलीला खरं सांगा. होय, काही अंशी आपल्यामुळे मेल्या. आपण त्यांना काम दिलं आणि त्या काय खाणार याचा हिशेब केला नाही. काही दुकानातून आणतानाच खचल्या असतील. हे सांगताना शिक्षिका म्हणून तुमचा मान कमी होईल असं मला वाटत नाही. मग तिलाच हजेरीवही द्या. मेलेल्यांच्या तारखा मुलांकडून आठवून त्यात लिहून काढा, आणि कुठल्या तारखेला काय झालं होतं, नवी गोगलगाय आली होती, पाणी ओतलं होतं, सुट्टी होती, तेही शेजारी. तिच्या प्रश्नाचं माझ्यापेक्षा नेमकं उत्तर त्या वहीत निघेल.

आता टँक बंद करण्याबद्दल. तुमची खरी परीक्षा मे महिन्यात आहे. या टँकला २४ ते २६ अंश तापमान लागतं. बंद खोलीत, पंखा नसताना, ठाण्याच्या उन्हाळ्यात पाणी तीसच्या वर सहज जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्यात वीज गेली तर काही तासांत सगळं संपू शकतं. म्हणून प्रदर्शन झालं की मुख्याध्यापिका, देणगी देणारे पालक आणि शिपाईमामा यांना एकत्र बसवा आणि तीन गोष्टी लेखी ठरवा. सुट्टीत रोज कोण येणार, पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचा आणि विजेचा खर्च कोण देणार, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप कुठे ठेवलेला असेल. फेब्रुवारीअखेर यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर मासे, प्रवाळ आणि उरलेल्या गोगलगायी त्या पालकांच्या घरी किंवा अनुभवी पाळणाऱ्याकडे हलवा आणि त्याच काचेत पुढच्या जूनला गोड्या पाण्याचा टँक लावा. त्याला सुट्टी बरीच सोसते, आणि शेवाळ तिथेही येतंच.